स्पर्धेचा पैसा गावात किती मुक्काम करतो?

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. याचिका लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेची होती. मैदाने राखायला साठ लाख लिटर पाणी लागेल, हा तिचा मुद्दा होता. लातूरच्या हिशेबात हे पाणी म्हणजे बारा रेल्वेगाड्या. त्या वर्षीचा अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला.

सामने इथेच व्हावेत असे म्हणणाऱ्यांचा एक युक्तिवाद होता : स्पर्धेमुळे सरकारला महसूल मिळतो, हॉटेलांना गिऱ्हाईक मिळते, हजारो हातांना काम मिळते. तो खोटा नव्हता. पण ते हात कुठले? लातूरच्या ज्या गल्ल्यांमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती, तिथल्या एकाही माणसाला गहुंजेच्या किंवा वानखेडेच्या सामन्यातून चहाचा कपभर धंदा मिळणार नव्हता. मोठी स्पर्धा कुणाचे भले करते, हा प्रश्न मराठवाड्यातून विचारला की त्याचे उत्तर वेगळ्या जागी शोधावे लागते.

जगभरच्या अभ्यासकांनी याचा हिशेब बराच मांडला आहे आणि तो संयोजकांना सहसा आवडत नाही. माँट्रियलने १९७६च्या ऑलिंपिकचे कर्ज २००६ साली फेडून संपवले. ब्राझीलने २०१४च्या विश्वचषकासाठी अमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहरात भव्य स्टेडियम उभारले, तिथे विश्वचषकाचे चार सामने झाले. अँड्र्यू झिम्बालिस्ट यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ सांगतात ते थोडक्यात असे : येणारा पैसा मोठ्या हॉटेलसाखळ्या, प्रक्षेपण कंपन्या आणि बाहेरचे ठेकेदार यांच्यामार्फत आला तसा निघून जातो, आणि स्थानिक माणूस तिकिटावर जे खर्च करतो, ते त्याने एरवी गावातच दुसऱ्या कशावर तरी खर्च केले असते. म्हणून स्पर्धेत किती पैसा आला हे विचारण्याआधी, त्यातला किती गावात मुक्कामाला राहिला हे विचारावे लागते.

हा निकष घेऊन नांदेडला आलो की चित्र बरेच आशादायक दिसते.

नांदेडच्या खालसा हायस्कूलच्या मैदानावर श्री गुरु गोबिंदसिंघजी गोल्ड अँड सिल्वर कप ही अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. तिला सुमारे पाच दशकांची परंपरा आहे. गुरू गोबिंदसिंघजींच्या जयंतीच्या आगेमागे, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, पंजाबपासूनचे संघ इथे येतात. अमृतसरहून निघालेली सचखंड एक्सप्रेस दोन हजारांहून अधिक किलोमीटर धावून त्यांना नांदेडला आणते. हॉकीतली मोठी नावे आणि गोदावरीकाठचे हे शहर यांची गाठ घालून दिली ती तख्त सचखंड श्री हजूर साहिबने. १७०८ साली गुरुजींनी इथेच ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली. २००८ साली त्या घटनेला तीनशे वर्षे झाली, तेव्हा केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून शहरात रस्ते, घाट, पूल झाले. आज खेळाडू आणि प्रेक्षक ज्या सोयी वापरतात, त्यांतल्या बऱ्याच त्या वेळच्या आहेत. एका स्पर्धेसाठी शहर उभारण्याची वेळ नांदेडवर आली नाही. यात्रेकरूंसाठी उभ्या राहिलेल्या शहराने स्पर्धा सामावून घेतली.

एक आकडेमोड करून पाहू. समजा वीस संघ आले, खेळाडू आणि मार्गदर्शक धरून एका संघात वीस माणसे, आणि मुक्काम सात दिवस. ही चारशे माणसे आणि अठ्ठावीसशे रात्री झाल्या. नांदेडला यात्री निवास आहेत, लंगर आहे, त्यामुळे यातला मोठा भाग हॉटेलांच्या खात्यात जात नाही, आणि कुणी म्हणेल की मग शहराचा फायदा तो काय? मला हा आक्षेप अपुरा वाटतो. मुक्काम आणि जेवणाचा भार हलका होतो म्हणून मध्यम ऐपतीचे संघ एवढ्या लांब येऊ शकतात. आणि वाचलेला पैसा खिशात घेऊन ही पोरे बाजारात येतात. ऑटो, चहा, फळांचा रस, बूट शिवणारा, इस्त्रीवाला, मोबाइल दुरुस्तीवाला, गुरुद्वारा परिसरातली कडे-किरपाणांची दुकाने, घरी न्यायची मिठाई असा तो खर्च होतो. एका हॉटेलमालकाकडे एकगठ्ठा जाण्याऐवजी पन्नास हातांत सुटा जाणारा पैसा शहरात जास्त फिरतो. चहावाला त्यातून दूध घेतो, दूधवाला पेंड घेतो.

गळतीही आहेच. स्टिका आणि चेंडू जालंधर-मेरठचे. नांदेडमध्ये होते ती जर्सीची छपाई, फ्लेक्स, मंडप, ध्वनिक्षेपक, मैदानावर पाणी मारणारा टँकर आणि चुन्याच्या रेषा आखणारा माणूस. ही कामे फार कौशल्याची मानली जात नाहीत, पण उस्मानशाही गिरणीचा भोंगा बंद झाल्यापासून या शहरात हजारोंना एकत्र काम देणारा मोठा कारखाना राहिला नाही. सुटी कामे जोडून वर्ष काढणाऱ्यांची संख्या इथे मोठी आहे.

त्यांच्या वर्षात एक पंधरवडा फार महत्त्वाचा असतो, आणि त्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. गुरुजींची जयंती पौष शुद्ध सप्तमीला येते. तिच्या आठ-नऊ दिवस आधी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा सुरू होते. म्हणजे त्या यात्रेतला कुस्त्यांचा फड आणि नांदेडची हॉकी स्पर्धा दरवर्षी एकाच पंधरवड्यात, साठेक किलोमीटरच्या अंतरात. सोयाबीन तोवर विकले गेलेले असते, कापसाची वेचणी चालू असते, घरात वर्षातली थोडी रोकड असते. खर्च करणारा आणि कमावणारा दोघेही त्याच काळात मोकळे होतात. मंडपवाल्याचे खांब, स्पीकरवाल्याचे कर्णे, केटररची मोठी पातेली एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी जाऊ शकतात. तिथी पंचांगात ठरलेली असल्याने याची तयारी दिवाळीपासूनच करता येते. आज एका शहरात, पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या स्पर्धेला हे जमत नाही. तिच्यासाठी कर्ज काढून गाडा घेणाऱ्याला पुढच्या वर्षी तो विकावा लागतो.

माळेगावात खेळ आणि बाजार वेगळे काढताच येत नाहीत. येळकोटाचा गजर, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे, आणि पलीकडे घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार. इथल्या मातीतली लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी ही जनावरे प्रदर्शनात उभी असतात. भटक्या जमातींची मोठी गर्दी होते. त्यांच्या जातपंचायती इथेच बसत. नांदेड जिल्हा परिषद यात्रेचे संयोजन करते आणि तिच्या कार्यक्रमांत कुस्त्यांचा फड हा मानाचा दिवस. सकाळी नारळावरच्या, रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या लागतात, ऊन कलताना इनामाच्या मोठ्या जोडी लागतात. त्या दिवशी जवळच्या तालुक्यांतून माणूस टेम्पो भरून येतो, आणि आलेला माणूस फडावरून सरळ घरी जात नाही. तो घोंगडी पाहतो, बैलाला गोंडे-घुंगरू घेतो, भजी खातो, लेकरांसाठी पाळण्याचे तिकीट काढतो. दोर वळणारा, घोंगडी विणणारा, नालबंद, लोहारकाम करणारे घिसाडी यांचा माल शहरातल्या दुकानात आता उठत नाही. त्यांचे गिऱ्हाईक यात्रेत भेटते, आणि गर्दीचा एक दिवस वाढला तर यांची कमाई एका दिवसाने वाढते. कुस्त्यांचा दिवस तो एक दिवस वाढवतो.

लातूरची गोष्ट थोडी दुखरी आहे.

१९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातूरला झाली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता; जिल्हा व्हायला अजून तेरा वर्षे होती. आडतीच्या या गावाने राज्यभरचे मल्ल आणि त्यांचे वस्ताद ठेवून घेतले, आणि गदा उचलली ती निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी. पुढे ते रुस्तुम-ए-हिंद झाले. त्यानंतर त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पिढ्या घडवल्या. लातूरचेच काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांचेही कुस्ती केंद्र पुण्यात. या दोघांनी लातूरच्या पोरांना पुण्यात घर मिळवून दिले, हे ऋण मोठे आहे. पण पैशाच्या वाटेने पाहिले तर काय होते? निलंगा-औसा-रेणापूरच्या शिवारातला बाप सोयाबीन विकतो आणि पोराच्या खुराकाचे दूध, तूप, बदाम पुण्यात विकत घेतले जातात. खोलीभाडे पुण्यात, मालिशवाला पुण्यात, वैद्य पुण्यात. पोरगा मोठा झाला की इनामाच्या कुस्त्याही पश्चिम महाराष्ट्रात लढतो. लातूर खर्च भरत राहते आणि स्पर्धेची कमाई दुसरीकडे होते.

हे बदलण्याची साधने लातूरकडे आहेत. परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने या शहरात वसतिगृहे, खानावळी, घरगुती डबे यांचे जाळे विणले आहे. बाहेरगावच्या हजारो पोरांना रोज दोन वेळा जेवू घालणे हे इथल्या कितीतरी बायांचे रोजचे काम आहे. सुट्टीच्या दिवसांत विद्यार्थी गावी गेले की तेच स्वयंपाकघर थंडावते, खोल्या रिकाम्या पडतात. शालेय आणि विद्यापीठ पातळीवरच्या राज्य स्पर्धा नेमक्या त्या काळात लातूरला घेतल्या तर एक वीटही न रचता चारशे-पाचशे खेळाडूंची सोय होते आणि बंद पडलेल्या चुली पेटतात. महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर यात्रेत लातूरला कुस्त्या होतातच. तो फड तीन दिवसांचा का करू नये? उन्हाळ्यापूर्वीच्या त्या दिवसांत पाणीही परवडते. तांबड्या मातीला हॉकीच्या टर्फसारखे सामन्यागणिक पाणी लागत नाही. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेल्या आखाड्याला पाण्याचा जो थोडा शिपका लागतो, तो २०१६ पाहिलेल्या गावालाही खुशाल देता येतो.

आता या सगळ्या हिशेबातून नेहमी सुटणाऱ्या माणसाबद्दल. फड सुरू होतो तो हलगीवर. हलगी कडाडली की मल्लाच्या अंगात वारे येते, प्रेक्षक गोळा होतो, जोड रंगली की ताल चढतो. हलगीशिवाय कुस्त्यांचा फड मराठवाड्यात कुणी पाहिला नसेल. ती वाजवणारे बहुतेक मातंग समाजातले कलावंत सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभे असतात. इनामाची रक्कम पत्रिकेवर छापलेली असते, मंडपवाल्याला आगाऊ मिळते, फेटे आणि हारांचे बिल होते. हलगीवाल्याला मात्र पुष्कळ ठिकाणी जिंकलेला पैलवान किंवा खूश झालेला पाहुणा देईल ती नोट मिळते. स्थानिक माणसाला स्पर्धेतून काय मिळते, याची परीक्षा इथे आहे. जिल्हा परिषदेने माळेगावच्या अंदाजपत्रकात आणि गावोगावच्या यात्रा समित्यांनी आपल्या वर्गणीच्या वहीत हलगी पथकाचे मानधन पहिल्या ओळीत लिहावे. रक्कम आधी ठरवावी, दिवसाला ठरवावी, आणि शेवटची मानाची कुस्ती लागण्यापूर्वी त्यांच्या हातात द्यावी.