स्वमग्न मूल आणि संवादाचा हक्क

‘ऑटिझम’ या अवस्थेला मराठीत ‘स्वमग्नता’ हे नाव रूढ झाले आहे. ग्रीक भाषेतील ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दावरून मूळ संज्ञा तयार झाली. १९४३ मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि बालपणापासून असणारी एक स्वतंत्र अवस्था म्हणून तिची नोंद झाली. या नावामुळे मात्र एक गैरसमज पसरला. हे मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला इतरांची गरज नाही, असे लोक मानू लागले. इतरांनी दिलेले नाव माणसाला झाकून टाकते, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. म्हणून नाव बाजूला ठेवून आधी मूल पाहिले पाहिजे.

इतिहासातील आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कॅनर यांच्या निबंधानंतर सुमारे दोन दशके पाश्चात्त्य देशांत या अवस्थेचा दोष आईच्या माथी मारला जात होता. आईच्या मायेचा ओलावा कमी पडला म्हणून मूल असे झाले, असे नामवंत तज्ज्ञही सांगत. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी ग्रंथ लिहून या समजुतीवर प्रहार केला. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही होते. स्वमग्नतेचा संबंध मेंदूच्या जडणघडणीशी आहे, संगोपनातील उणिवेशी नाही, हे आज सर्वमान्य आहे. तरीही ‘आई नोकरीला जाते म्हणून’, ‘मोबाईल दिला म्हणून’, ‘कोणाची तरी नजर लागली म्हणून’ अशी कारणे आपल्याकडे अजूनही सांगितली जातात. त्यातून गंडेदोरे आणि बाबांच्या फेऱ्या सुरू होतात आणि मुलाच्या शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात.

काही खुणा लवकर ओळखता येतात. मूल वर्षाचे झाल्यावरही हाक मारली असता वळून पाहत नाही. दीड वर्षाचे झाले तरी हवी असलेली वस्तू बोटाने दाखवत नाही. आलेले शब्द नाहीसे होतात, किंवा ऐकलेले वाक्य ते जसेच्या तसे म्हणत राहते. कुकरची शिट्टी किंवा ढोलताशांचा आवाज त्याला असह्य होतो. अशा वेळी प्रथम श्रवणाची तपासणी करावी आणि बालविकासतज्ज्ञांना दाखवावे. ‘याचे आजोबाही उशिरा बोलले होते’ असे म्हणून वाट पाहत बसू नये.

यानंतर प्रश्न येतो तो संवाद शिकविण्याचा. बहुतेक पालकांना वाटते की मूल बोलू लागले की संवाद सुरू होईल. वस्तुतः क्रम उलटा आहे. समजा, एका मुलाला पाणी हवे आहे. ते आईचा हात धरून तिला माठापाशी ओढत नेते. हा संवादच आहे, फक्त त्यात शब्द नाही. आपले काम या धडपडीला सोपा आणि सर्वांना समजणारा मार्ग देण्याचे आहे. चित्र देऊन वस्तू मागण्याची पद्धत अमेरिकेत १९८५ मध्ये अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी विकसित केली. तिचा आरंभ घरीही समजून घेता येतो. समोर बसलेल्या व्यक्तीजवळ मुलाच्या आवडीची वस्तू असते. दुसरी व्यक्ती मागे बसून, काहीही न बोलता, मुलाचा हात धरून त्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हाती देववते. चित्र मिळताच वस्तू लगेच द्यायची आणि तिचे नाव उच्चारायचे. हळूहळू मागचा आधार कमी करत न्यायचा. आपण दुसऱ्याला काही दिले की तो आपले ऐकतो, हा संवादाचा पहिला पाठ मूल येथे शिकते. चित्रांमुळे बोलणे खुंटेल अशी भीती अनेकांना वाटते. अभ्यासांतून तसे आढळलेले नाही. आयआयटी मुंबई येथे तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप चित्रांना स्पर्श केल्यावर शब्द उच्चारते आणि ते मराठीतही आहे.

मागणे शिकविण्याबरोबरच नाकारणे शिकविले पाहिजे. ‘नको’, ‘थांबा’, ‘दुखते’, ‘मदत करा’ यांसाठी शब्द, खूण किंवा चित्र प्रत्येक मुलाजवळ असावे. ज्या मुलाला ‘नको’ म्हणता येत नाही ते असुरक्षित असते. त्याच्यावर अन्याय झाला तरी ते सांगू शकत नाही. डोके आपटणे, चावणे, किंचाळणे यांमागे अनेकदा न सांगता आलेली गोष्ट असते. ती कधी दुखणारी दाढ असते, कधी गोंगाट असतो, कधी अचानक बदललेला बेत असतो. शिक्षा करण्यापूर्वी, त्याआधी नेमके काय घडले होते, याची वहीत नोंद ठेवावी. काही दिवसांत कारण दिसू लागते.

घरातील भाषेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. नवी मुंबईत अनेक पालकांना ‘घरी केवळ इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळते’ असा सल्ला मिळतो. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलांचे भाषिक नुकसान होते, असे संशोधनातून दिसलेले नाही. उलट आईला मोडकीतोडकी येणारी आणि आजीला न येणारी भाषा घरात आणली, तर मुलाशी बोलणारी माणसेच कमी होतात. लहान वाक्यात बोलावे आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे. उत्तर तयार होण्यास त्याला वेळ लागतो; आपण घाईने तोच प्रश्न पुन्हा विचारला की त्याची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते.

सामाजिक कौशल्यांची सुरुवात मुलाच्या आवडीपासून करावी. एखादे मूल दिवसभर हार्बर मार्गावरील स्थानकांची नावे घोकत असेल, तर त्याला गप्प करू नये. आपण ‘वाशी’ म्हणावे, त्याने ‘सानपाडा’. आपण ‘जुईनगर’, त्याने ‘नेरूळ’. पनवेल येईपर्यंत आळीपाळीने बोलण्याचा सराव होतो, आणि संभाषणाचा पायाही तोच आहे. नवीन प्रसंगाची तयारी छोट्या गोष्टीतून करता येते. १९९१ मध्ये कॅरल ग्रे यांनी ही पद्धत मांडली. ‘सकाळी घंटा वाजते. सर्व मुले सभागृहात बसतात. वंदना होते. मला आवाज मोठा वाटला तर मी कानांवर हात ठेवू शकतो.’ अशी चार-पाच वाक्ये चित्रांसह रोज वाचून दाखविली की प्रसंग अनोळखी राहत नाही. वसतिगृहाचे ठरलेले वेळापत्रक काही मुलांना आधार देते. परंतु तेथील गर्दी आणि घरापासूनचा दुरावा प्रत्येकाला मानवेलच असे नाही. म्हणून निर्णय मूल पाहूनच घ्यावा.

येथे आपल्या बाजूचाही विचार हवा. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की समजून घेण्यातील अडचण दोन्ही बाजूंना असते. त्याला आपले कळत नाही, तसेच आपल्यालाही त्याचे कळत नाही. म्हणून ‘माझ्या डोळ्यांत बघ’ असा हट्ट धरू नये. खाली पाहूनही मूल ऐकत असते. वर्गातील मुलांना त्याचे चित्रफलक वाचायला, त्याची पाळी येऊ द्यायला आणि चिडवणाऱ्याला थांबवायला शिकवावे. त्या मुलाला इतरांसारखे दिसायला लावणे हा आपला हेतू नाही. त्याला मागता, नाकारता व सांगता यावे आणि आपल्याला ते ऐकता यावे, एवढेच साधायचे आहे.

ही दया नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि आवश्यक सोयी कराव्यात, असे तो सांगतो. दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्के वा अधिक असल्यास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच मिळते. मार्गदर्शनासाठी दूर जाण्याची गरज नाही. वाशी येथे नवी मुंबई महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र आहे आणि खारघर येथे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे.

माजी विद्यार्थी आणि पालक बंधू-भगिनींना एवढीच विनंती आहे. आपल्या इमारतीत वा वस्तीत असे मूल असेल, तर त्याच्या आईला दोष देणाऱ्यांना थांबवावे, तिला या केंद्रांची माहिती द्यावी, शक्य असल्यास पहिल्या भेटीला सोबत जावे. आणि आपली मुले त्याच्याशी खेळायला पाठवावीत.