काळ्या पाषाणातील सरळ शिंगे

दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात अथवा पेढीवरील मेजावर अलीकडे एक काळाभोर, आरशासारखा चकाकणारा दगड दिसू लागला आहे. त्यावर पांढरट, एका टोकाला निमुळत्या होत गेलेल्या आकृती असतात. प्रथमदर्शनी ते कारागिराचे जडावकाम वाटते. वस्तुतः ती समुद्रातील एका नामशेष जीवाची कवचे होत.

हा पाषाण बहुधा मोरोक्कोतील अर्फूद गावाच्या परिसरातून येतो. आज तेथे सहाराची वाळू आणि खजुराच्या बागा आहेत. डेव्होनियन कालखंडात, म्हणजे सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी, तेथे समुद्र होता. कोकणकिनाऱ्यावर ज्याला माकूळ म्हणतात, त्याचा हा दूरचा नातलग. मात्र याचा देह लांब, सरळ शंकूसारख्या कवचात असे. कवचाला आडव्या पडद्यांनी कप्पे पाडलेले असत. प्राणी शेवटच्या, सर्वांत रुंद कप्प्यात राही. वाढ झाली की पुढे सरके आणि मागे नवा पडदा घाली. सर्व कप्प्यांतून एक नळी जाई. तिच्या योगे कप्प्यांतील पाणी निघून तेथे वायू भरे आणि प्राणी तरंगता राही. मृत्यूनंतर कवच तळच्या चिखलात गाडले गेले, कप्प्यांत कॅल्साइट साचले आणि चिखलाचा चुनखडक झाला. दगड कापताना काप नेमका मध्यातून गेला, तर पडद्यांबरोबर ती नळीही दिसते. असा नमुना हाती आला तर तो निरखून पाहावा.

बाजारात याला सरसकट ‘ऑर्थोसेरास’, म्हणजे ग्रीक भाषेत ‘सरळ शिंग’, म्हणतात. खरा ऑर्थोसेरास बाल्टिक प्रदेशातील याहूनही जुन्या खडकांत सापडतो. मोरोक्कोतील जीव त्याचे भाऊबंद. नावातील ही सैल रीत क्षम्य मानू. परंतु अनेक नमुन्यांत निरनिराळ्या दगडांतून काढलेली कवचे भुकटी व डिंकाच्या लुकणाने एकाच पायावर बसवलेली असतात, तुटलेली टोके कोरून वा रंगवून पुरी केलेली असतात. जोडकामामुळे वस्तू टाकाऊ होत नाही. पण अखंड नैसर्गिक नमुना म्हणून ती त्याच भावाने विकणे आपल्या व्यापारी नजरेला तरी खपू नये. भिंगातून पाहता कवचाभोवती बुडबुड्यांची छिद्रे दिसली, तर शंका घ्यावी. प्रवाहामुळे एकाच दिशेला वळलेली कवचे निसर्गातही आढळतात. सूर्यकिरणांसारखी गोलाकार मांडणी मात्र बहुधा माणसाची. किती भाग मूळचा आहे हे विक्रेत्यास विचारावे व बिलावर लिहून घ्यावे.

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: जीवाचा अवशेष शोभेसाठी ठेवावा काय? हस्तिदंताप्रमाणे यासाठी कोणाचा वध झालेला नसतो आणि जे उरले आहे ते खनिजच. तरीही ज्यांच्या मनास रुचत नाही त्यांनी घेऊ नये.

घेतलाच, तर कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. पितळेची भांडी उजळण्यासाठी आपण वापरतो ती चिंच किंवा लिंबू त्याला लागू देऊ नये. चुनखडक आम्लाने झिजतो. चकाकी जाऊन तेथे निस्तेज डाग राहतो, आणि तो काढण्यासाठी दगड पुन्हा पॉलिशला द्यावा लागतो.