पेल एल आणि एका वेळी एकच बदल

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये घरी बिअर बनवणारे पुष्कळ लोक सुरुवात पेल एलपासून करतात. इंग्लंडने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली काढली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये एका विधेयकावर सही केली, आणि केंद्रीय कायद्यापुरती तरी प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर स्वतःसाठी करमुक्त बनवता येऊ लागली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा छंद तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाने करायचा आणि इथल्या वाचकाने समजून घ्यायचा आहे. समजून घेण्यासारखं त्यात खूप आहे. आज तिथल्या दुकानात डझनावारी हॉप आणि तितकेच माल्ट मिळतात, आणि हौशी मंडळी एकाच पातेल्यात चार हॉप नि पाच माल्ट घालून मोकळी होतात. बिअर बहुतेक वेळा चांगलीच होते, पण ती चांगली कशामुळे झाली हे कोणालाच सांगता येत नाही. पेल एल ही प्रयोगासाठी सर्वांत योग्य बिअर आहे असं मला ठामपणे वाटतं. मात्र तिच्यातून काही शिकायचं असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे आणि चाखताना कोणत्या पेल्यात काय आहे हे ठाऊक नसलं पाहिजे.

पेल एलच का, हे तिच्या घडणीत दिसतं. सातू म्हणजे बार्ली भिजवून मोड आणायचे आणि ते भट्टीत वाळवायचे, की माल्ट तयार होतो. ही भट्टी ८० ते ९० अंशांच्या आसपास थांबवली तर माल्ट फिकट राहतो आणि त्याला बिस्किटासारखा मंद स्वाद येतो. काळ्या स्टाउटमध्ये भाजक्या धान्याचा कडवटपणा बाकी सगळं झाकून टाकतो, तसं इथे होत नाही. फिकट माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातली विकरं स्टार्चची साखर करतात. तो गोड द्रव म्हणजे वर्ट. तो गाळून हॉपसह उकळायचा, थंड करायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. या सगळ्यात लपायला जागा फार थोडी असते. माल्टमध्ये किंवा हॉपमध्ये केलेला छोटासा फरकही पेल्यात उमटू शकतो.

हॉप ही भांगेच्या कुळातली वेल, आणि वापरायची तिची मादी फुलं. या फुलांकडून दोन वेगळी कामं होतात. त्यांच्यातली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि बिअरला कडूपणा देतात. त्यासाठी वेळ लागतो, म्हणून कडूपणाचे हॉप उकळीच्या सुरुवातीला पडतात. सुवास मात्र उडून जाणाऱ्या तेलांत असतो. कोथिंबीर आमटीत उकळत ठेवली तर वास जातो, उतरवताना घातली तर राहतो, हॉपचंही तसंच. म्हणून सुवासाचे हॉप शेवटच्या काही मिनिटांत घालतात, किंवा बिअर आंबत आल्यावर गार द्रवातच टाकतात. या दुसऱ्या रीतीला ड्राय हॉपिंग म्हणतात. अमेरिकन पेल एलची ओळख ज्या संत्र्या-पपनसाच्या वासाने झाली, तो प्रामुख्याने कॅस्केड नावाच्या एका हॉपचा. ओरेगनमध्ये सरकारी कृषी संशोधनातून तयार झालेला हा वाण १९७२ साली शेतकऱ्यांना खुला झाला. कॅलिफोर्नियातल्या चिको गावी केन ग्रॉसमन आधी घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान चालवत असत. त्यांनी एका भागीदारासह सिएरा नेवाडा ही कंपनी काढली आणि १९८० मध्ये पेल एल बनवायला घेतली. तिच्यात फिकट माल्टला थोड्या कॅरामल माल्टची जोड होती आणि सुवासाची भिस्त कॅस्केडवर. एका संपूर्ण शैलीचा पाया इतक्या थोडक्या सामग्रीवर उभा राहिला, ही माझ्या म्हणण्याच्या बाजूची पहिली साक्ष.

एकच गोष्ट बदलणं ऐकायला सोपं आहे, प्रत्यक्षात फसवं. समजा, कॅस्केडच्या जागी सिट्रा हा हॉप वापरून पाहायचा आहे. कॅस्केडमध्ये अल्फा आम्लं साधारण साडेचार ते सात टक्के असतात, सिट्रात बारा टक्क्यांच्या आसपास. उकळीच्या सुरुवातीला दोन्ही सारख्याच वजनाने घातले तर वासाबरोबर कडूपणाही दुपटीच्या घरात जातो, आणि मग जीभ कशाला दाद देते आहे हे कळत नाही. म्हणून कडूपणासाठी दोन्ही वेळा एकच हॉप तितकाच घ्यावा आणि बदल फक्त शेवटच्या मात्रेत करावा. माल्टचंही हेच. क्रिस्टल माल्ट बनवताना मोड आलेलं ओलं धान्यच तापवतात. साखर दाण्याच्या आत तयार होते आणि मग भाजली जाते. तिचा बराचसा भाग यीस्टला पचत नाही. त्यामुळे फिकट माल्टचा दहावा हिस्सा काढून तिथे क्रिस्टल घातला की रंग आणि कॅरामलचा स्वाद तर येतोच, शिवाय गोडी उरते, मद्यार्क किंचित घटतो आणि तोच कडूपणा कमी भासतो. पाणीसुद्धा गप्प बसत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ज्या बर्टन गावाहून पेल एल जहाजांनी मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांपर्यंत पोचत होती, तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर होतं आणि त्यातल्या सल्फेटमुळे हॉपचा कडूपणा अधिक कोरडा, धारदार लागे. प्रयोगाच्या मधेच पाणी बदलणं म्हणजे न सांगता दुसरा घटक बदलणं.

मग नुसता हॉप वाढवत नेला तर? अलीकडच्या कितीतरी पाककृती याच वाटेने जातात. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच मूळ बिअरमध्ये कॅस्केडच्या वाढत्या मात्रा ड्राय हॉपिंगने घातल्या. लिटरला सुमारे आठ ग्रॅमच्या पुढे सुवासाची वाढ मंदावली आणि लिंबू-संत्र्याकडून चव चहासारख्या, पालापाचोळ्यासारख्या छटेकडे झुकली. वीस लिटरच्या घरगुती घाण्याला ही मर्यादा १६० ग्रॅम येते. हे इतक्या नेमकेपणाने कळलं ते मूळ बिअर एकच ठेवली म्हणून. सोबत माल्टही बदलला असता, तर हाच निष्कर्ष काढता आला नसता.

या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप रसायनशास्त्रातूनच येतो. हॉपचे सुवास साध्या बेरजेने वागत नाहीत. जपानमधल्या सप्पोरो कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की हॉपमधल्या जेरॅनिऑल या सुवासिक घटकाचं यीस्ट सिट्रोनेलॉल या दुसऱ्या घटकात रूपांतर करतं, आणि हे दोन्ही लिनालूल या तिसऱ्या सुवासिक घटकाच्या भरपूर मात्रेच्या सोबतीला आले की लिंबूवर्गी सुवास एकेकट्यापेक्षा ठळक होतो. तर मग एकेक हॉप वेगळा चाखून मिश्रणाचं काय कळणार? आक्षेप खरा आहे, आणि एकट्या हॉपची बिअर चाखून मिश्रणाचं भाकीत करता येतं असा दावा मी करत नाही. पण मिश्रणात एकमेकांवर परिणाम होतो हे कळायलाही अ, ब आणि अ-ब असे तीन पेले शेजारी लागतात. घरी ते अवघड नाही. एकच वर्ट उकळून थंड करावा आणि तीन छोट्या भांड्यांत वाटून आंबवावा. एकात कॅस्केड, दुसऱ्यात सिट्रा, तिसऱ्यात दोन्ही निम्मे-निम्मे, एकूण वजन सारखं. तिसऱ्या पेल्यात पहिल्या दोन्हींत नसलेलं काही आढळलं, तर तो जोडीचा गुण.

आता ‘आढळलं’ हे कोणी ठरवायचं? इथे बिअरच्या कारखान्यांनीच एक मोठी देणगी देऊन ठेवली आहे. विल्यम सीली गॉसेट हे तरुण रसायनतज्ज्ञ १८९९ साली डब्लिनच्या गिनीस कंपनीत लागले. माल्ट आणि हॉपची प्रत मोजताना त्यांच्या हाती थोडेच नमुने असत, आणि थोड्या नमुन्यांवरून किती विश्वासाने बोलावं याचं गणित तेव्हा उपलब्ध नव्हतं. ते त्यांनी रचलं आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. आज वैद्यकापासून शेतीपर्यंत वापरली जाणारी टी-चाचणी त्यातूनच आली. चाखण्याच्या बाबतीत त्रिकोणी चाचणी घरीही करता येते. तीन पेले, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. ओतणारा एक, चाखणारा दुसरा. वेगळा पेला ओळखायचा. निव्वळ अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतं. सहा फेऱ्यांत पाच किंवा सहा वेळा बरोबर आलं, तर ते नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात दोनांहून कमी उरते. घोट लहान ठेवले तर हे एका संध्याकाळचं काम आहे. कोणता हॉप घातला हे आधी माहीत असेल, तर नाक ते शोधतं आणि बऱ्याचदा नसलेलंही सापडवतं.

काहींना ही सगळी शिस्त छंदाच्या मुळावर उठल्यासारखी वाटते. घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, मनाला येईल ते घालावं आणि मित्रांना पाजावं, असं ते म्हणतात. ज्याला तेवढंच हवं आहे त्याला कोणी अडवू नये. पण आपल्या मनातली चव उद्या पुन्हा हातून उतरावी अशी इच्छा ज्याला आहे, त्याला मोकळीक ज्ञानातूनच मिळते. कॅस्केड एकटा कसा वागतो हे ज्याला ठाऊक आहे, तोच सिट्रा किती घालावा हे धीटपणे ठरवू शकतो.

उरतो पिकाचा प्रश्न. हॉप हे शेतीचं उत्पादन. एकाच वाणाचा वास शेतागणिक आणि तोडणीच्या वेळेनुसार बदलतो, हेही ओरेगनमधल्याच अभ्यासांनी दाखवलं आहे. त्यामुळे या वर्षीचा निष्कर्ष पुढच्या वर्षीच्या कॅस्केडला जसाच्या तसा लागू होईल अशी खात्री नाही. उपाय साधा आहे. पूर्ण प्रयोगमालिकेला पुरेल इतका हॉप एकाच खेपेतला घ्यावा, हवाबंद पाकिटांत वाटून फ्रीझरमध्ये ठेवावा, आणि पाकिटावरचा अल्फा आम्लाचा आकडा व पिकाचं वर्ष वहीत उतरवून घ्यावं. पहिला घाणा नुसत्या फिकट माल्टचा आणि एकाच हॉपचा करावा. दुसऱ्यात हॉप तोच ठेवून साध्या फिकट माल्टऐवजी मॅरिस ऑटर हा जुना इंग्लिश माल्ट घ्यावा, कारण हॉपच्या गाजावाजात माल्टची परीक्षा बहुतेक जण घेतच नाहीत. हॉप बदलायची पाळी तिसऱ्या घाण्यात येते.