यवतमाळची लेकरे जपानला कधी जाणार?

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या वस्त्यांमधून दोनच नावे निघतात, अमेरिका आणि इंग्लंड. त्यात नवल नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ साली लंडनला गेले, आणि आपल्या समाजाच्या मनात परदेशी शिक्षणाचा नकाशा तिथेच पक्का झाला. पण ज्या जपानचे भदंत सुरई ससाई १९६०च्या दशकात नागपुरात आले आणि दीक्षाभूमीचेच झाले, ज्या जपानच्या कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला, त्या जपानात शिकायला आपली मुले का जात नाहीत? जपानी माणूस नागपुरात रुजू शकतो, तर यवतमाळचा पोरगा ओसाकात का रुजणार नाही?

आमचे म्हणणे असे की मुलांची बुद्धी कमी पडत नाही, वाट अडते ती दुसरीकडेच. देवाणघेवाण योजनेत, म्हणजे ज्याला एक्स्चेंज म्हणतात त्यात, विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात फी भरतो आणि सहा महिने किंवा वर्षभर परदेशी विद्यापीठात शिकतो. तिथली फी त्याला सहसा माफ असते. गरिबाच्या मुलासाठी याहून चांगली सोय कोणती? पण त्यासाठी दोन विद्यापीठांमध्ये करार लागतो. असे करार बहुतेक करून मोठ्या शहरांतल्या नामांकित संस्थांकडे असतात. घाटंजी, उमरखेड, मारेगावच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला अशी काही योजना असते हे सांगायलाही कोणी नसते. दुसरीकडे, महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. त्या हव्यातच, पण त्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहेत. पदवीच्या वर्गात असताना सहा महिने जग पाहून येण्याची संधी त्यातून मिळत नाही. ती संधी ज्यांच्या बापजाद्यांनी आधीच जग पाहिले आहे, त्यांच्याच लेकरांना मिळत राहते.

जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती मात्र दूतावासामार्फत थेट अर्ज करून मिळते. लेखी परीक्षा, मुलाखत, आणि निवड झाली की विमानभाडे, फी व महिन्याचा भत्ता. ही माहिती आमच्या किती विद्यार्थी संघटनांच्या फलकावर लागते, हा प्रश्न आम्ही आमच्याच माणसांना विचारतो.

भाषेचे भय फार दाखवले जाते. ते अर्धेच खरे आहे. कांजी अक्षरे नेहमीच्या वापरातलीच दोन हजारांवर आहेत, तिथे घाम गाळावाच लागतो. पण वाक्याची ठेवण मराठीसारखी आहे: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. आपण 'मी भात खातो' म्हणतो, जपानी माणूसही त्याच क्रमाने बोलतो, आणि प्रत्यय आपल्यासारखे शब्दामागे लागतात. तू, तुम्ही, आपण हा फरक जाणणाऱ्याला तिथली आदराची भाषा परकी वाटणार नाही. त्यांच्या अक्षरमालेचा क्रम अ-इ-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना असा जातो. तो भारतीय वर्णमालेवरून, बौद्ध भिक्खूंनी केलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून घडला असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपलीच बाराखडी धम्माच्या वाटेने तिथे आधीच पोचली आहे.

राहण्याच्या गोष्टी मात्र कडक आहेत. घर घेतल्यावर चौदा दिवसांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. आरोग्य विमा काढायचा. मग दवाखान्याच्या खर्चातला तीस टक्केच भाग आपल्याला भरावा लागतो. कचरा कोणत्या दिवशी कोणता टाकायचा याचे वेळापत्रक पाळायचे, नाहीतर शेजारी नाराज. खासगी खोली घ्यायची तर जामीनदार मागतात, म्हणून पहिले वर्ष वसतिगृहच बरे. ज्वारीची भाकर सहज मिळणार नाही. काम करायचे तर परवानगी काढून, सत्र चालू असताना आठवड्याला २८ तासांपर्यंतच. इथेच एजंटांपासून सावध राहा. 'आधी भाषाशाळेत चला, कमवा आणि शिका' असे सांगून लाखोंचे कर्ज गळ्यात मारणारे असतात. नेपाळ, व्हिएतनामच्या कितीतरी मुलांनी असे कर्ज फेडण्यात रात्रपाळ्या केल्या आणि शिक्षण मागे पडले. विद्यापीठाची देवाणघेवाण वेगळी आणि हा धंदा वेगळा, हे आईबापांनी नीट समजून घ्यावे.

आणि कोणी असे समजू नये की तिथे गेले की जात सुटली. वसतिगृहात भारतीय मुले भेटली की 'पूर्ण नाव काय, आडनाव काय' हा प्रश्न तिथेही येऊ शकतो. खुद्द जपानात बुराकू समाज आहे. चामड्याची, कत्तलखान्याची कामे केली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत ठेवलेला. १८७१ साली कायद्याने त्यांना मुक्त केले, पण विटाळ गेला नाही. १९२२ साली त्यांनी सुइहेइशा ही संघटना उभारून स्वतःच लढा पुकारला. १९७५ साली उघड झाले की बुराकू वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्या विकत घेत होत्या, नोकरीला आलेल्याचे मूळ शोधण्यासाठी. भेदभाव मिटवण्याचा कायदा २०१६ साली पुन्हा करावा लागला. आपल्या मुलांनी जपानात जाऊन तंत्रज्ञान तर शिकावेच, पण या बांधवांचा लढाही समजून घ्यावा. आपले दुःख जगात एकटे नाही हे कळले की माणसाला बळ येते.

वाट निघू शकते याचा पुरावा आपल्या जिल्ह्यातच आहे. राजू केंद्रे यांनी यवतमाळात 'एकलव्य'चे काम उभे केले, खेड्यातल्या पहिल्या पिढीच्या मुलांना देशातल्या नामांकित संस्थांपर्यंत पोचवले, आणि २०२१ साली ते स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. हे एका शेतकऱ्याच्या मुलाला जमते, तर समाजाला का जमू नये?

म्हणून आमची मागणी साधी आहे. अमरावती विद्यापीठाने जपानी विद्यापीठांशी करार करावेत आणि त्यातल्या जागांवर आरक्षण ठेवावे. समाजकल्याण खात्याने देवाणघेवाणीच्या एका सत्रासाठीही विमानभाडे व निर्वाह भत्ता द्यावा. आणि आपण काय करावे? जयंतीच्या वर्गणीतला काही भाग बाजूला काढून प्रत्येक तालुक्यात दोन मुलांचा पासपोर्ट आणि जपानी भाषेच्या परीक्षेची फी भरावी. विहारात संध्याकाळी एक तास हिरागाना गिरवायला जागा द्यावी. डीजेचा आवाज दुसऱ्या दिवशी विरतो. शिकून आलेली एक मुलगी मात्र अख्ख्या वस्तीचा नकाशा बदलते.

जयभीम!