गायी शंभर, हिशेब चारांचा

शंभर देशी गायी आणि त्यांच्यात एकच वळू, असा कळप पाहिला की आपल्याला समाधान वाटतं. जात टिकली म्हणायची! आनुवंशशास्त्राचा हिशेब मात्र वेगळा आहे. नर आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार करायचा, त्याची चौपट करायची आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर येतं जेमतेम चार. गोठ्यात जनावरं १०१, पण पुढच्या पिढीत उतरणारं वैविध्य चार जनावरांच्या कळपाइतकंच. याला प्रभावी संख्या म्हणतात आणि ती किमान ५० असावी, असं जागतिक अन्न व कृषी संघटना सांगते. त्याच गोठ्यात वळू पाच केले तर ती १९ वर जाते. वळू एकच ठेवून गायी दोनशे केल्या तर? चाराची चारच राहते.

म्हणून देशी गोवंश वाचवायला निघालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की, गायी नंतर मोजा, आधी वळू मोजा.

प्रत्येक जनावराकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक सदोष असली तरी बहुतेकदा दुसरी निभावून नेते. त्यामुळे रुबाबदार वळूच्या अंगातही असे दोष दडलेले असतात. तोच वळू गोठ्यात राहिला आणि तीनेक वर्षांनी त्याचीच कालवड माजावर आली, की दडलेलं बाहेर पडायला वाट मिळते. दोष वाहणाऱ्या वळूच्या निम्म्या लेकींकडे ती प्रत उतरते. अशा बाप-लेकीच्या वासरांपैकी सरासरी आठातल्या एकाला दोन्ही प्रती सदोष मिळतात. अमेरिकी शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९२२ मध्ये हे मोजायचं सूत्र मांडलं. त्यानुसार बाप-लेकीच्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के येतो, सावत्र भावंडांच्या वासराचा साडेबारा.

गोठ्यात हे विचित्र वासरांच्या रूपात क्वचितच दिसतं. गाय उलटते. दोनदा, तीनदा भरवूनही ठरत नाही. वासरू किरकोळ अंगाचं निपजतं आणि पहिल्याच पावसाळ्यात हगवणीने जातं. कालवड उशिरा माजावर येते, दोन वेतांतलं अंतर वाढत जातं. मालक चाऱ्याला, हवेला, नशिबाला दोष देतो. आणि कधी कधी तो खराही असतो. नोंदवही नसेल तर खरं कारण कुणालाच सांगता येत नाही.

हे फक्त छोट्या कळपांचं दुखणं नव्हे. अमेरिकेत १९६२ मध्ये जन्मलेल्या ‘पॉनी फार्म आर्लिंडा चीफ’ या होल्स्टीन वळूच्या मुली दुधाला इतक्या सरस निघाल्या की त्याच्या रेतनातून सुमारे १६ हजार मुली झाल्या, पुढे नाती पाच लाखांच्या घरात गेल्या. त्याच्या एका जनुकात दोष होता. दोन्हीकडून तो आला की गर्भ पोटातच मरायचा. हा दोष ओळखू येईपर्यंत जगभरात अंदाजे पाच लाख गर्भपात होऊन गेले होते. अमेरिकेत होल्स्टीन गायी ९० लाखांच्या आसपास, पण त्यांची प्रभावी संख्या शंभराच्याही आत!

आपल्याकडे धोका वेगळ्या वाटेने येतो. शेती बैलावर होती तेव्हा गोऱ्हे वाढवले जायचे, त्यातून वळू निवडले जायचे, गावागावाचा पोळ वेगळा असायचा. ट्रॅक्टर आला, गोऱ्हा नकोसा झाला आणि वळू आटले. बैलगाडा शर्यतींच्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शिक्कामोर्तब केलं. खिल्लारला त्यातून भाव आला, ही चांगलीच गोष्ट. पण घाट गाजवलेल्या एकाच बैलाच्या रक्तामागे सगळे धावले, तर खिल्लारचा चीफ व्हायला वेळ लागणार नाही.

कुणी इंग्लंडच्या चिलिंगहॅमचा दाखला देतात. तिथला पांढऱ्या गुरांचा कळप सुमारे तीनशे वर्षं बाहेरच्या रक्ताशिवाय टिकून आहे. खरं आहे. पण १९४७ च्या हिवाळ्यात तिथे फक्त १३ जनावरं उरली होती आणि तसेच राखलेले इतर अनेक कळप नामशेष झाले. वाचलेल्या एकावरून धोरण ठरवायचं नसतं.

उपाय महागडे नाहीत. वळूच्या कालवडी माजावर यायच्या आत, म्हणजे तीन वर्षांच्या आतच, तो बदलावा. गोशाळांनी आपसात वळूंची अदलाबदल करावी, अर्थात सांसर्गिक गर्भपात आणि क्षयाची तपासणी करूनच. अकोले-इगतपुरीच्या धो-धो पावसात टिकणारी डांगी असो की लातूरकडची देवणी, प्रदर्शनात पहिला नंबर देताना परीक्षकांनी शिंगं, वशिंड आणि चाल यांच्याबरोबर बाप कोण, आजा कोण, हेही विचारावं. एकाच वळूच्या दहा हजार रेतमात्रा साठवण्यापेक्षा पन्नास वळूंच्या दोनदोनशे साठवलेल्या बऱ्या.

आणि तुमच्या दारी एकच गाय असली, तरी कृत्रिम रेतनाच्या वेळी त्या बारीक नळीवर छापलेला वळूचा क्रमांक विचारून तारखेसह लिहून ठेवा. त्या गायीची कालवड भरवायची वेळ येईल, तेव्हा तोच क्रमांक पुन्हा येऊ देऊ नका.