गढीतला मुक्काम आणि वेशीवरचा माणूस

सुटीत साध्या लॉजवर उतरायचे नाही, जुन्या वाड्यात, गढीत नाहीतर किल्ल्यात उतरायचे, असा एक शौक हल्ली शहरी नोकरदारांत वाढला आहे. याला 'बुटिक हॉटेल' म्हणतात. खोल्या मोजक्या, एकीसारखी दुसरी नाही. शिसवी पलंग, पितळी दिवे, भिंतीला चुन्याचा गिलावा. भाडे ऐकून मात्र आपल्या आईने कपाळावर हात मारला असता! आपल्या समाजातील डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक मंडळीही आता तिथे जाऊ लागली आहेत. जावेच. आम्हीही जाऊन आलो.

या धंद्याचा सरकारी नियम पाहण्यासारखा आहे. केंद्राच्या पर्यटन खात्याकडून 'हेरिटेज हॉटेल' हा दर्जा हवा असेल तर हवेली, किल्ला, राजवाडा किंवा शिकारखाना १९५० पूर्वी बांधलेला असावा लागतो. त्यावरचे 'क्लासिक' आणि 'ग्रँड' हे दर्जे १९३५ पूर्वीच्या वास्तूंना. नियम करणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो, पण तारीख बघा. संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झाले. म्हणजे वारसा ठरण्यासाठी इमारत संविधानाच्या आधीची पाहिजे. ज्या काळात आमच्या आजोबाला त्या दरवाजातून ताठ मानेने आत जाता येत नव्हते, नेमक्या त्या काळाचे भाडे आज आकारले जाते.

आम्ही या हॉटेलांच्या विरोधात नाही. दिल्ली-जयपूर रस्त्यावरचा नीमराणा किल्ला घ्या. १४६४ साली बांधायला सुरुवात झालेला हा चौहानांचा किल्ला पार ढासळला होता. १९८६ साली अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी तो विकत घेतला, डागडुजी केली आणि १९९१ साली अवघ्या बारा खोल्यांचे हॉटेल सुरू केले. आज डोंगराच्या उतारावर मजल्यामागून मजला चढत गेलेली ती वास्तू दिमाखात उभी आहे. खोल्यांना महालांची नावे आहेत. पडकी इमारत वाचली, चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांना काम मिळाले, हे चांगलेच झाले. आमचा प्रश्न वेगळा आहे. दगड पुन्हा बसवले, पण तो दगड वाहणाऱ्याची आठवण कोण बसवणार?

आम्ही उतरलो होतो ती गढी देशावरची. नाव घेण्याचे कारण नाही, कारण दोष एकट्या त्या मालकाचा नाही. माहिती सांगणारा मुलगा चुणचुणीत होता. कोणता सरदार, कोणती लढाई, कोणते झुंबर कुठून आणले, सगळे तोंडपाठ. आम्ही विचारले, "बाळा, इथला येसकर कुठे बसायचा?" तो गोंधळला. "साहेब, ते आम्हाला शिकवलेलं नाही."

संध्याकाळी बागेत पाणी घालणारा एक गडी आमच्या मोटारीवरचे अशोकचक्र पाहून जवळ आला आणि हळूच 'जय भीम' म्हणाला. त्याचा आजा याच वेशीवर रात्र रात्र पहारा करायचा. वाड्यावर सरपण टाकायचा, टपाल पोचवायचा, मेलेले जनावर ओढायचा. बदल्यात वतनाचा तुकडा आणि दारोदार मागितलेली शिळी भाकरी. येसकराच्या बसण्याची जागा त्याने आम्हाला दाखवली. तिथे आता पाहुण्यांच्या गाड्या लावतात. आमचीही तिथेच लावलेली होती.

याच महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ते वतन कायद्याने जाण्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले. आणि मुक्कामाचे म्हणाल तर परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात हॉटेल मिळाले नाही. पारशी विश्रामगृहात दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. वरच्या मजल्यावरच्या त्या दालनात अडगळ भरलेली, विजेचा दिवा नाही, वटवाघळे फडफडत असत. तीही जागा अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने सोडायला लावली. १९३४ साली दौलताबाद किल्ल्याच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून पुन्हा अपमान. किल्ला पाहताना पाण्याला कोणाचा हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई!

म्हणूनच संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात समतेचे नुसते मोघम वचन नाही. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावे घेऊन तिथला भेदभाव मनाई केला आहे. २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारी बंद केली. गढीतल्या पलंगावर आम्ही निवांत झोपलो ती मालकाची मेहरबानी नव्हती.

२०१९ साली महाराष्ट्रातले २५ किल्ले हॉटेलांसाठी देणार अशी बातमी आली आणि गदारोळ उठला. छत्रपतींच्या काळातले गड देणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. गडाचा मान राखलाच पाहिजे. पण त्या सगळ्या आरडाओरडीत गडाच्या घेऱ्यात पहारा देणाऱ्या महार, रामोशी, कोळी मेटकऱ्यांचा उल्लेख आमच्या तरी कानावर आला नाही.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात गुलामांची जुनी खोपटी सुटीच्या मुक्कामासाठी 'एअरबीएनबी'वर भाड्याने ठेवल्याचे २०२२ साली उघडकीस आले. काळ्या समाजाने जाब विचारला. कंपनीने माफी मागितली आणि अशा जागा यादीतून काढल्या. तिथे निदान ती खोपटी उभी होती. आमच्या माणसांची घरे कुडामातीची. ती कधीच वाहून गेली. त्यामुळे आपल्याला जाब विचारायला पुरावाही आपणच गोळा करावा लागणार.

हॉटेलवाल्यांकडे मागणे साधे आहे. दरवाजात जिथे सरदाराची वंशावळ लावता, तिथे वेशीवर पहारा करणाऱ्या, पाथरवटी करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या आणि मैला वाहणाऱ्या जातींच्या राबण्याचा इतिहासही लावा. माहिती सांगणाऱ्या पोरांना तो शिकवा. पुरातत्त्व आणि पर्यटन खात्याने परवानगी देतानाच ही अट घालायला काय हरकत आहे?

आणि आपल्या मंडळींनी गढीत मुक्कामाला गेल्यावर एक सकाळ तरी खालच्या वस्तीत जावे. सोबत वही न्यावी. वतन गेले तेव्हा जे विशीत होते, ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. कोणाचे वाड्यातले काम काय होते, कोणत्या दाराने जावे लागे, भाकरी कशी मिळे, हे सगळे त्यांना अजून आठवते.