गुंठा घेताना : तीन प्लॉटिंग, एक वही

आजचा विषय आहे शहराजवळ जागा घेण्याचा. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींची मुलं चाकण, रांजणगाव, हिंजवडीकडे कामाला आहेत. खोलीभाडं भरून ती थकतात, मग घरात विषय निघतो, "एक गुंठा घेऊन टाकू." त्यासाठी दागिने मोडतात, गटाचं कर्ज काढतात, एखादी म्हैस विकतात. पैसा बाईचा जातो आणि जागा बघायला मात्र पुरुष मंडळी जाऊन येतात.

आमच्या घरी हे एकदा घडलंय. सहा वर्षांपूर्वी माझ्या पाटल्या मोडून आम्ही एका माणसाला विसार दिला. कागद नोटरीचा होता. त्यावर शिक्का होता, फोटो होते, आम्हाला वाटलं झालं काम. पुढे कळलं की सातबारावर त्या माणसाचं नावच नव्हतं. पैसे अजून आलेले नाहीत. म्हणून यंदा माझ्या धाकट्या जावेच्या मुलासाठी जागा बघायची ठरली तेव्हा मी म्हटलं, "या खेपेला आपण दोघी जायचं आणि वही घेऊन जायचं."

आम्ही तीन ठिकाणं पाहिली. वहीत तीन रकाने पाडले आणि प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारले. तुलना करायची तर प्रश्न एकच हवेत. नाहीतर एका ठिकाणी कमान आवडते, दुसऱ्या ठिकाणी चहा आवडतो.

पहिला प्रश्न : हातात किती जागा येणार? एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, आणि 40 गुंठ्यांचा एकर. पण प्लॉटिंगवाले पुष्कळदा रस्ताही गुंठ्यातच धरतात. पहिल्या ठिकाणी गुंठा आठ लाखाला होता, म्हणजे सगळ्यांत स्वस्त. रस्ता वजा करून प्रत्यक्ष जागा किती, असं विचारल्यावर उत्तर आलं, 850 फूट. आठ लाखाला 850 ने भागलं तर फुटाला 941 रुपये पडतात. दुसऱ्या ठिकाणी नऊ लाख सांगितले, पण जागा पूर्ण 1000 फूट. तिथे फुटाला 900 पडले. स्वस्त दिसणारं महाग निघालं. हा भागाकार मोबाइलवर एका मिनिटात होतो.

दुसरा प्रश्न : कागद काय आहेत? ताजा डिजिटल सहीचा सातबारा मागा. विकणाऱ्याचंच नाव त्यावर आहे का ते पाहा. मग 'इतर हक्क' हा रकाना वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क तिथे दिसतात. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती विकता येत नाही. मागचे फेरफारही बघा. शेवटी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. त्याची फी फार वाटते, पण ती पाटल्यांहून कमीच असते.

मंजूर रेखांकन, म्हणजे प्लॉटचा पास झालेला नकाशा, मागा. पुण्याभोवतीच्या बऱ्याच गावांत ही मंजुरी पीएमआरडीए देते. रस्ता आणि मोकळी जागा त्या नकाशात दाखवलेली असते. फ्लेक्सवर छापलेला रंगीत नकाशा म्हणजे मंजुरी नव्हे.

पहिल्या ठिकाणी आम्हाला सांगितलं, "अकरा जणांच्या नावे मिळून सातबारा होईल." म्हणजे सामायिक खरेदी. त्यात तुमचा तुकडा कुठला हे कागदावर ठरत नाही. उद्या विकायचा झाला किंवा भांडण लागलं तर दहा जणांच्या दारात जावं लागतं. शिवाय ती शेतजमीनच राहते, आणि आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. "पुढे नियमित होईल" असंही ते म्हणाले. सरकारने अशी सवलत वेळोवेळी दिली आहे, पण ती ठरावीक तारखेपर्यंत झालेल्या व्यवहारांना. उद्या मिळेल या आशेवर आज पैसे देऊ नका.

तिसरा प्रश्न : महारेरा क्रमांक आहे का? जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी लागते. 2017 पासून आपल्याकडे हा नियम आहे, आणि तो फक्त फ्लॅटला नाही, प्लॉटिंगलाही आहे. क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की मालक, नकाशा, कोर्टकचेरी सगळं दिसतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम त्यांना घेता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी हा क्रमांक "येतोय" असं सांगितलं. आम्ही वहीत लिहिलं, "नाही."

एक सोपी परीक्षा सांगते. राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन विचारा, "या जागेवर कर्ज द्याल का?" तुम्हाला कर्ज नको असलं तरी विचारा. बँक नको म्हणाली तर का, तेही विचारा.

चौथा प्रश्न आपला, बायकांचा : पाणी कुठून येतं? पुरुष मंडळी भाव विचारतात, आपण शेजारणीला विचारायचं. मे महिन्यात टँकर किती दिवसांनी येतो, किती रुपयांना? बोअर किती खोल गेलं? सांडपाणी कुठे जातं? विजेचा खांब किती लांब? पावसाळ्यात रस्त्यावर गाळ किती होतो? शेवटची एसटी किंवा पीएमपी किती वाजता, आणि थांब्यापासून अंधारात चालत यायला मुलीला भीती वाटते का? पहिल्या ठिकाणी एक बाई म्हणाली, "ताई, ओढ्याचं पाणी दर पावसाळ्यात आत येतं." हे दलालाने सांगितलं नव्हतं. शक्य असेल तर एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैमध्ये जा.

तिसरी जागा लांब होती, कंपनीपासून चार किलोमीटर जास्त. प्लॉट 800 फुटांचाच, भाव फुटाला 1050, म्हणजे आठ लाख चाळीस हजार. पण स्वतंत्र सातबारा होता, मंजूर नकाशा होता, महारेरा क्रमांक होता, नळाचं पाणी होतं आणि बँक कर्ज द्यायला तयार होती. पुतण्या जरा नाराज झाला, "काकू, फारच लहान आहे." जावेने वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली आणि गप्प झाला. तीच जागा घेतली.

पैसे देताना खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलंच हवं. नंतर सातबारावर नाव लागेपर्यंत तलाठ्याकडे पाठपुरावा करा. आणि कागदावर बाईचं नाव येऊ द्या. तयार घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मोकळ्या प्लॉटला ती धरू नका, पण नाव मात्र लावा. आमच्या जावेचं नाव मुलाच्या आधी आहे.

पुढच्या बैठकीत एक काम करा. ज्या घरात जागेची बोलणी चालू आहेत त्यांनी तो सातबारा घेऊन यावा आणि सगळ्यांनी मिळून 'इतर हक्क' मोठ्याने वाचावा. माझ्या पाटल्या गेल्या, तुमच्या राहू देत.